धाप लागत नाही, शुद्ध मात्र जाते

खोल पाण्यात उतरणारे काही पाणबुडे ‘रीब्रीदर’ वापरतात. या यंत्रात सोडलेला श्वास चुनायुक्त कणांतून जातो, कार्बन डायऑक्साइड शोषला जातो आणि खर्च झालेला प्राणवायू टाकीतून मिसळतो. धोका इथेच आहे. गुदमरल्याची जाणीव मुख्यतः कार्बन डायऑक्साइड वाढल्याने होते, प्राणवायू घटल्याने नव्हे. पुरवठा थांबला तर धाप न लागताच शुद्ध हरपते. म्हणून त्यात सहसा तीन प्राणवायू-संवेदक असतात आणि सोबत राखीव टाकी.

नांदेड-लातूरच्या शिवारातील पडीक विहीर किंवा बायोगॅसचा खड्डा असाच फसवतो. हवेत २१ टक्के प्राणवायू असतो. तो १० टक्क्यांखाली गेला की माणूस लवकरच बेशुद्ध पडतो. एप्रिल २०२४ मध्ये नेवासा तालुक्यातील वाकडीत बायोगॅससाठी वापरलेल्या विहिरीत पडलेले मांजर काढताना, एकमेकांना वाचवायला उतरलेले पाच जण दगावले. कमरेला दोर बांधलेला सहावा तेवढा वाचला.

कंदील सोडून हवा तपासू नका. मिथेन असेल तर भडका उडेल. वायुमापकाने तपासा, पंख्याने हवा खेळवा, दोर बांधा. आत कुणी कोसळला तर मागोमाग उडी न घेता अग्निशमन दलाला १०१ वर कळवा.