एका डोक्याची मोजदाद

अहमदपुरात बारावीची पोरं ‘नीट’चं जीवशास्त्र घोकायला बसली की थॅलॅमस, हायपोथॅलॅमस, हिप्पोकॅम्पस, अमिग्डाला असं कानावर पडतं. चारही शब्द ग्रीक. 2024 साली या परीक्षेला 24 लाखांवर मुलांनी नाव नोंदवलं. 2011च्या जनगणनेत अख्खा लातूर जिल्हा साडेचोवीस लाखांचा होता. जवळजवळ जिल्हाभर माणसं एकाच वर्षी ग्रीक पाठ करत होती, आणि हे ग्रीक आहे एवढंसुद्धा वर्गात क्वचितच सांगितलं जातं.

ग्रीकांनी मेंदूला ‘एन्केफालोस’ म्हटलं, डोक्याच्या आतला. हा शब्द होमरच्या ‘इलियड’मध्ये आहे, म्हणजे वय अदमासे 2700 वर्षं. आता मेंदूकडे बघा. ब्राझीलच्या सुझाना हर्कुलानो-हाउझेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूच्या ऊतीचं चक्क द्रावण केलं, त्यात मोकळी झालेली पेशीकेंद्रकं सूक्ष्मदर्शकाखाली मोजली आणि 2009 मध्ये आकडा दिला: सरासरी 8600 कोटी चेतापेशी. सेकंदाला एक या वेगानं, रात्रंदिवस मोजत राहिलं तर 2725 वर्षं लागतात. होमरच्या काळात कुणी मोजायला बसला असता, तर त्याचं एक डोकं आत्ता कुठं संपलं असतं! त्यातही 6900 कोटी पेशी एकट्या लहान मेंदूत, ज्याचं वजन जेमतेम दीडशे ग्रॅम.

तेवढ्या काळात शब्द कुठवर गेला? लॅटिनपासून निघालेल्या रोमान्स भाषांतही; त्या बोलणारे सुमारे 90 कोटी. स्पॅनिश माणूस घरी ‘सेरेब्रो’ म्हणतो, तो लॅटिनचा. शरीरशास्त्राच्या पुस्तकात मात्र ‘एन्सेफालो’. इटलीत ‘एन्चेफालो’, फ्रान्समध्ये ‘आँसेफाल’. आपला मेंदूज्वर रोममध्ये ‘एन्चेफालिते’ होतो, आणि आपल्याकडच्या केसपेपरवर एन्सेफलायटिस.

पोरांवरचं ओझं याहून मोठं असतं. 1895 पर्यंत शरीराच्या भागांना सुमारे 50,000 नावं साचली होती. त्या वर्षी शरीररचनाशास्त्रज्ञांनी बासेलच्या बैठकीत ती छाटून साधारण 5,000 ठेवली. उरलेलीही तुकड्यांनी सोपी होतात, म्हणून मास्तरांनी फळ्यावर आधी ‘केफाले’, म्हणजे डोकं, लिहावं असं मला मनापासून वाटतं. हायड्रोसेफलस, मायक्रोसेफली, एन्सेफलायटिस आपोआप उलगडतात. ईईजी, म्हणजे इलेक्ट्रोएन्सेफॅलोग्रामसुद्धा: त्यातला दुसरा ‘ई’ एन्केफालोसचाच. माणसाच्या मेंदूचा पहिला ईईजी हान्स बर्गर यांनी 1929 मध्ये प्रसिद्ध केला.