जिभेची परीक्षा

ऑक्टोबर २०१८ मध्ये अमेरिकेतील एका परीक्षेचा निकाल फिरविण्यात आला. ही परीक्षा पदवीची नव्हती. हॉटेलात वाइन वाढणाऱ्यांची होती. नव्याने उत्तीर्ण झालेल्या चोवीस जणांपैकी तेवीस जणांचा चव ओळखण्याचा निकाल रद्द झाला, कारण पेल्यांत काय असणार याची माहिती संस्थेच्याच एका सभासदाने आधी बाहेर दिली होती. निर्णय सरसकट झाला आणि सर्वांना पुन्हा बसण्याची मुभा देण्यात आली. पेपरफुटीची वार्ता आपल्याला नवी नाही. पण जिभेचाही पेपर फुटू शकतो हे मात्र नवलच.

या ‘मास्टर सोमेलिए’ परीक्षेची सुरुवात लंडनमध्ये १९६९ साली झाली. सहा पेले, पंचवीस मिनिटे, समोर परीक्षक, आणि उत्तर तोंडी. द्राक्षाची जात, प्रदेश, साल सांगावयाचे. यात चमत्कार नाही, अनुमान आहे. तोंडाला पाणी सुटले तर आम्ल अधिक; थंड हवेत द्राक्षातले आम्ल टिकते. घशाशी ऊब जाणवली तर मद्यार्क अधिक, म्हणजे ऊन बरेच लागलेले. कडक चहाने हिरड्या आवळतात तसे झाले, तर ते सालीतले टॅनिन. आणि प्रत्येक घोट थुंकून टाकावयाचा! पिणाऱ्याला हे शिक्षण नाही, ते वाढणाऱ्याला आहे.

शब्द हा त्याहून अवघड भाग. कॅलिफोर्नियातील ॲन नोबल यांनी १९८४ च्या सुमारास वासांचे एक चक्रच मांडले, ते ‘उत्तम’, ‘भारदस्त’ अशा पोकळ विशेषणांना आळा घालण्यासाठी. तथापि त्यातले जिन्नस ज्याच्या त्याच्या स्वयंपाकघरातलेच असावे लागतात. नाशिककडे शिकणाऱ्याने सोव्हिन्यों ब्लांच्या वासाला गूजबेरीऐवजी पेरू म्हटले, तर त्याचे गुण कापण्याचे कारण नाही.

हे सारे ढोंग आहे असे म्हणणारे बोर्डोच्या प्रयोगाकडे बोट दाखवितात. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात पांढऱ्या वाइनला वासहीन लाल रंग दिला होता. मद्यशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांनी तिचे वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केले. डोळा नाकाला फसवितो एवढे त्यातून निःसंशय सिद्ध होते. नाक निरुपयोगी आहे हे सिद्ध होत नाही.

खरी अडचण पैशाची आहे. ज्या बाटल्या ओळखावयाच्या, त्या वेटरच्या पगारात बसत नाहीत. म्हणून शिकणारे चार-सहा जण वर्गणी काढतात, एकेक बाटली आणतात, ती कागदात गुंडाळून एकमेकांची परीक्षा घेतात. गिऱ्हाइकाला मात्र या विद्येचे दर्शन क्षणभरच घडते. बाटली उघडल्यावर पेल्यात घोटभर ओतले जाते, ते आवडले की नाही हे विचारण्यासाठी नव्हे. बुचातून कधीकधी ट्रायक्लोरोॲनिसोल नावाचे द्रव्य उतरते. लिटरमागे ग्रॅमचे काही अब्जांश एवढ्यानेही वाइनला भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास येतो. प्रकृतीला त्याने अपाय होत नाही, पण पैसे वाया जातात. बहुतेक यजमान संकोचाने मान डोलावतात. चांगला वेटर त्या मानेवर विसंबत नाही. त्याने स्वतः आधीच वास घेतलेला असतो, आणि न बोलता तो दुसरी बाटली आणावयास जातो.