पत्रांचा जामीनदार

अमेरिकेतील अटलांटा नगरीत बेन चेस्टनट आणि डॅन कुर्झियस यांनी २००१ साली जी सेवा आरंभिली, तिचा हेतू प्रथमतः फारच मर्यादित होता. त्यांच्या ‘रॉकेट सायन्स ग्रूप’ या संस्थेचा मुख्य व्यवसाय संकेतस्थळे रचून देण्याचा. परंतु काही ग्राहकांना आपल्या गिऱ्हाइकांकडे ई-मेलने वार्तापत्रे पाठवावयाची असत, आणि ते काम प्रत्येक वेळी नव्याने करणे जिकिरीचे होई, म्हणून पूर्वी फसलेल्या एका ई-शुभेच्छापत्रांच्या उद्योगातून उरलेली आज्ञावली हाताशी घेऊन त्यांनी एक यंत्रणा उभी केली. त्या शुभेच्छापत्रांत चिंपांझीचे चित्र लोकांना विशेष आवडे; त्यावरून तिचे नाव ‘मेलचिंप’ पडले. २००७ साली त्यांनी संकेतस्थळांचे काम सोडून सर्व लक्ष या जोडधंद्याकडे वळविले, आणि बाहेरचे भांडवल न घेता वाढलेली ही संस्था सुमारे १२ अब्ज डॉलरला विकत घेण्याचा करार इंट्यूट कंपनीने २०२१ साली जाहीर केला.

हजारो पत्रे एका वेळी धाडणे ही यांत्रिक दृष्ट्या फारशी दुर्घट गोष्ट नव्हे. मग अशा सेवेसाठी व्यापारी दरमहा पैसे का मोजतो, हे कळण्यासाठी ई-मेलच्या घटनेतील एक मूळ उणीव ध्यानी घ्यावी लागते. १९८२ साली जॉन पोस्टेल यांनी पत्रांच्या ने-आणीचे जे नियम लिपिबद्ध केले, ते परस्परांवर विश्वास ठेवणाऱ्या संशोधकांच्या लहानशा जगासाठी होते, आणि म्हणून प्रेषकाच्या जागी कोणी कोणाचेही नाव लिहिले तरी ते पडताळून पाहण्याची तजवीज त्यांत नव्हती. वास्तविक धोक्याची सूचना त्यापूर्वीच मिळालेली होती: १९७८ च्या मे महिन्यात डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या गॅरी थर्क यांनी आपल्या नव्या संगणकांच्या प्रात्यक्षिकाचे निमंत्रण अर्पानेट या तत्कालीन संगणकजाळ्यावरील सुमारे ४०० जणांना, कोणाचीही अनुज्ञा न घेता, पाठविले होते आणि त्यावर संतप्त हरकती उमटल्या होत्या. पुढे अशा आगंतुक पत्रांचा पूर लोटला, तेव्हा १९९८ साली स्थापन झालेल्या स्पॅमहाउससारख्या संस्था उपद्रवी प्रेषकांच्या काळ्या याद्या ठेवू लागल्या, आणि पत्रपेट्या पुरविणाऱ्या कंपन्यांनी आपापल्या वेशीवर पहारे बसविले.

तेव्हापासून खरा प्रश्न पत्र बाहेर पाठविण्याचा उरला नाही. ते आत घेतले जाण्याचा झाला. लहान व्यापाऱ्याची या पहारेकऱ्यांपुढे स्वतःची अशी काही पत नसते, आणि ई-मेल विपणनाची सेवा त्याला जे विकते ते मुख्यत्वे ही पत होय. ती त्याची जामीन राहते. एकाच यंत्रावरून, एकाच आयपी पत्त्यावरून, अनेक व्यवसायांची पत्रे निघत असल्यामुळे, गावाच्या पाणवठ्यात एकाने घाण कालविली तर सर्वांचेच पाणी नासावे, तसे एका बेजबाबदार ग्राहकाचे दुष्कृत्य शेकडो निरपराध ग्राहकांच्या पत्रांना ‘स्पॅम’च्या कोठडीत लोटते. म्हणून नकार देण्याचे सामर्थ्य हेच या धंद्याचे मर्मस्थान आहे, असे माझे मत झाले आहे.

दैनंदिन कारभार पाहिला तर या मताला पुष्टीच मिळते. पत्ता अस्तित्वात नसल्यामुळे पत्र कायमचे परत आले, म्हणजे पाचशेच्या मालिकेतील उत्तर मिळाले, तर तो पत्ता तत्काळ यादीतून खारीज करावयाचा. चारशेच्या मालिकेतील तात्पुरती अडचण असेल तर काही वेळाने पुन्हा प्रयत्न करावयाचा. वाचणाऱ्याने ‘हे स्पॅम आहे’ अशी फिर्याद नोंदविली आणि ती पत्रपेटीच्या कंपनीकडून परत कळविली गेली, की त्याला पुन्हा पत्र जाऊ द्यावयाचे नाही. नवा आयपी पत्ता घेतल्यास पहिल्याच दिवशी त्यावरून लाखभर पत्रे सोडता येत नाहीत. थोड्या पत्रांपासून क्रमाक्रमाने संख्या वाढवीत विश्वास संपादावा लागतो. आता प्रेषकाची ओळख सिद्ध करण्याचीही व्यवस्था झाली आहे: एसपीएफने कोणती यंत्रे आपल्या नावाने पत्रे पाठवू शकतात हे जाहीर होते, डीकेआयएमने पत्रावर गणिती स्वाक्षरी उमटते, आणि डीमार्कने या दोहोंत नापास झालेल्या पत्राचे काय करावे याचा हुकूम त्या नावाच्या मालकाला देता येतो.

मेलचिंपच्या इतिहासातील सर्वांत बोधप्रद प्रकरण २००९ सालचे आहे. त्या वर्षी संस्थेने मोफत योजना खुली केली, आणि वर्षभरात वापरकर्त्यांची संख्या ८५,००० वरून ४,५०,००० वर गेली. पण फुकट दरवाजा उघडताच भामट्यांचाही लोंढा आत आला. प्रत्येकाची चौकशी करण्यास पुरतील इतके कारकून नेमणे अशक्य होते. तेव्हा संस्थेने ‘ऑम्निव्होर’ ही यंत्रणा घडविली. पूर्वी गेलेल्या असंख्य पत्रांच्या अनुभवावरून ती नव्या ग्राहकाची यादी तपासते आणि उपद्रवाचा संभव दिसताच ताकीद देते किंवा व्यवहार थांबविते. विकत घेतलेल्या पत्त्यांच्या याद्यांना येथे मज्जाव आहे. पैसे देण्यास सिद्ध असलेल्या ग्राहकाला परत पाठविण्याची ही शिस्त मला या संस्थेच्या सर्व चतुर विनोदी चित्रांहून अधिक मोलाची वाटते, जरी ती चित्रेही निरर्थक नव्हती: पत्रे सुटण्यापूर्वी पडद्यावर चिंपांझीचा घामेजलेला हात लाल बटणावर थरथरताना दिसे, आणि गेलेले पत्र परत घेता येत नाही याची जाणीव तो पाठविणाऱ्यास करून देई.

याच संस्थेने २०१७ साली जो निर्णय घेतला, त्याचे समर्थन मात्र मला करवत नाही. तोवर नाव नोंदविणाऱ्याला एक पत्र जाई, आणि त्यातील दुव्यावर त्याने पुन्हा होकार दिल्यावरच तो यादीत येई. ही दुहेरी संमतीची पद्धत बाजूस सारून एकेरी संमती हीच सामान्य रीत ठरविण्यात आली. पुष्कळ लोक दुसरा होकार देण्याचे विसरतात आणि यादी तोकडी राहते, ही व्यापाऱ्याची तक्रार खोटी नव्हे. तथापि दुसऱ्याचा पत्ता कोणीही खोडसाळपणे नोंदवू शकतो, आणि त्यापासून रक्षण करणारी चौकी उठविणे जामीनदाराला शोभत नाही.

पत्रांचे यश मोजण्याची मापेही बदलत आहेत. पत्र उघडले गेले की नाही, हे त्यात दडविलेल्या एका अदृश्य चित्रबिंदूवरून कळे. २०२१ साली ॲपलने आपल्या ग्राहकांच्या वतीने ती चित्रे परस्पर मागवून घेण्यास प्रारंभ केला आणि ते माप अविश्वसनीय ठरले. फेब्रुवारी २०२४ पासून गूगलने जीमेलकडे रोज ५,००० हून अधिक पत्रे धाडणाऱ्यांवर ओळख सिद्ध करण्याची आणि विपणनाच्या पत्रांत एका टिचकीने नाव काढून घेण्याची सोय ठेवण्याची सक्ती केली, आणि फिर्यादींचे प्रमाण ०.३ टक्क्यांच्या आत ठेवण्यास फर्मावले. चांगल्या सेवा जे स्वेच्छेने करीत होत्या, ते आता दंडकच झाले आहे.

आपल्याकडील प्रकाशक, दिवाळी अंकांचे संपादक, हापूसचे बागायतदार आणि नाट्यसंस्था यांनाही या मार्गाने थेट आपल्या वाचकापर्यंत आणि गिऱ्हाइकापर्यंत पोहोचता येते, आणि व्यक्तिगत विदेच्या रक्षणासाठी भारतात २०२३ साली झालेल्या कायद्यानेही संमती जितक्या सुलभतेने देता येते तितक्याच सुलभतेने ती मागे घेता आली पाहिजे, असे सांगितले आहे. त्यांना माझी एवढीच विनंती आहे, की पुढचे पत्र पाठविण्यापूर्वी त्यांनी आपली यादी एकदा वाचावी, आणि धन्याच्या होकाराविना जे पत्ते तीत शिरले असतील, ते कोणाच्या फिर्यादीची वाट न पाहता काढून टाकावेत.