पक्ष्यांच्या रक्तातली साखर

निरोगी माणसाच्या रक्तात उपाशीपोटी डेसिलिटरमागे 70 ते 100 मिलिग्रॅम साखर असते. बहुतेक पक्ष्यांत ती 200 ते 350 असते, आणि तरीही ते ठणठणीत! फुलांतला मधुरस प्यायलेल्या हमिंगबर्डमध्ये तर हा आकडा 700 च्याही वर जातो.

पक्ष्यांच्या स्नायूंत इन्सुलिनच्या इशाऱ्यावर साखर आत घेणारे ग्लुट-4 हे प्रथिन नसते. त्यांच्या शरीरात साखर वाढवणाऱ्या ग्लुकागॉनचाच वरचष्मा. पकडताना आलेल्या ताणानेही साखर चढते, म्हणून शहामृगासारख्या पटकन बिथरणाऱ्या पक्ष्याच्या एकाच तपासणीवर विसंबून चालत नाही.

मधुमेह मात्र पक्ष्यांनाही होतो. बजरीगर, कॉकॅटिल, टूकान यांच्यात तो आढळला आहे. पाळलेला पक्षी अचानक खूप पाणी पिऊ लागला, विष्ठेत पाणी वाढले किंवा खाऊनही वजन घटले, तर पशुवैद्यकाला लगेच दाखवा.