काळ्याला चार, पांढऱ्याला तीन!

पांढऱ्या मोहऱ्यांनी जिंकलात? तीन गुण. काळ्या मोहऱ्यांनी? चार! 2023 मध्ये दुबईत ग्लोबल चेस लीगचा पहिला हंगाम रंगला, तो याच हिशेबावर. पहिली चाल पांढऱ्याची, म्हणून काळ्याला बक्षीस जास्त. बरोबरी झाली तर दोघांना एकेकच गुण.

संघात सहा जण, त्यांत दोन जागा महिलांच्या आणि त्यांची गाठ महिलांशीच. पण त्या पटांवरच्या विजयाचं मोल माजी जगज्जेत्या मॅग्नस कार्लसनच्या विजयाइतकंच! या लीगमधलं मला सर्वांत आवडलेलं हेच.

एका सामन्यात अख्ख्या संघाचा रंग एकच असतो. सगळे पांढरे किंवा सगळे काळे. म्हणजे सहाही डाव जिंकले, तर पांढऱ्यांचे 18 गुण आणि काळ्यांचे 24. आता पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या ग्रँडमास्टर कोनेरू हंपीच्या जागी बसून बघा. धाडस फळलं तर तीन गुण, अंगाशी आलं तर समोरचीच्या झोळीत चार! बरं, बरोबरी पुरेल का, हे तिच्या पटावर ठरतच नाही, ते शेजारच्या पाच पटांवर ठरतं, कारण बेरीज संघाची. आणि 2023 मध्ये घड्याळात प्रत्येकी 20 मिनिटं होती. चालीगणिक वाढीव सेकंदही नव्हते. एरवी बुद्धिबळ एकट्याचा खेळ. इथे मात्र शेजारच्या पटावर डोकावून पाहावंच लागतं.

त्या हंगामात हंपी आणि द्रोणवल्ली हरिका एकाच संघात होत्या: मुंबा मास्टर्स, सोबतीला आपला नाशिकचा विदित गुजराथी. संघ अंतिम फेरीत पोहोचला. तिथे निकाल लागता लागेना! शेवटी त्रिवेणी कॉन्टिनेंटल किंग्जच्या योनास ब्येरेने जावोखिर सिंदारोवला हरवलं, तेव्हा कुठे विजेता ठरला.

महिलांच्या जागांबाबत इंग्लंडच्या फोर एनसीएल लीगची तऱ्हा वेगळी. वरच्या गटात आठ जणांच्या संघात किमान एक महिला हवीच, पण तिला ठरावीक पट नाही. दोघी समोरासमोर आल्या, तर तो निव्वळ योग. जर्मनीत उलट: महिलांची बुंडेसलिगाच स्वतंत्र, सहाही पटांवर महिला.

आणि हो, इंग्रजीत पटावर राजाशेजारी राणी असते. आपल्याकडे त्याच घरात उभा असतो वजीर!