सामू दिवसभर ७.२ कसा?

डेटा इंजिनिअर व्हायचं तर लोकलने ऐरोलीच्या आयटी कंपन्या गाठायच्या, असं अंबरनाथ-बदलापूरची मुलं धरून चालतात. पण हे काम घराजवळच्या एमआयडीसीतल्या कारखान्यांतही आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१४ साली औषधं, रंग अशा १७ प्रकारच्या उद्योगांना सांडपाणी आणि धुराची ऑनलाइन मोजणी सक्तीची केली. सेन्सर सांडपाण्याचा सामू (पीएच) मोजतो, डेटा लॉगर आकडे सर्व्हरला पाठवतो. वीज गेली की नोंदी गळतात; आली की काही दोनदा येतात. गाळाने माखलेला सेन्सर तर दिवसभर ७.२ दाखवत बसतो. कागदावर सगळं छान! अशा नोंदी आपोआप पकडणारी व्यवस्था बांधणं, हे डेटा इंजिनिअरिंग. आधी एसक्यूएल पक्कं करा, मग पायथन. क्लाउडच्या सर्टिफिकेटांची घाई नको. मुलाखतीत अशा बिघडलेल्या नोंदींचा एक तक्ता सुधारून दाखवा.