जड गोळी आणि जुने रिव्हॉल्व्हर



ज्या गुरुजींच्या स्मृतीस हे व्याख्यान अर्पण केले आहे, ते गतीचा तिसरा नियम शिकवताना नेहमी बंदुकीचे उदाहरण देत. त्या उदाहरणाचे महत्त्व मला फार उशिरा कळले.

मार्च २०२३ मध्ये आपल्या भोपाळात नेमबाजीची विश्वचषक स्पर्धा झाली. ती पाहून एका परिचित कुटुंबातील मुलाला नेमबाजीची ओढ लागली. पुढे त्यांच्या घरी, सैन्यात अधिकारी असलेल्या आजोबांच्या ट्रंकेत एक वेब्ली रिव्हॉल्व्हर सापडले. मुलगा मला म्हणाला, "काका, काडतूस आत नीट बसते. मग उडवायला काय हरकत आहे?" त्या प्रश्नाचे उत्तर मी येथे सविस्तर मांडतो.

वेब्ली रिव्हॉल्व्हर ब्रिटिश सैन्यात १८८७ पासून आले. त्याच्या ०.४५५ इंची काडतुसातील शिशाची गोळी २६५ ग्रेन, म्हणजे सुमारे १७ ग्रॅम वजनाची असे. वेग सेकंदाला सुमारे १९० मीटर, म्हणजे ध्वनीहूनही पुष्कळ कमी. गोळी जड आणि संथ असे, आणि आतील दाब माफक राही. शस्त्राचे वजन सुमारे १.१ किलो धरले, तर गुरुजींच्या नियमानुसार ते सेकंदाला जवळजवळ तीन मीटर वेगाने मागे येते.

या धक्क्याचा एक परिणाम सहसा ध्यानात येत नाही. शस्त्र मागे येताना चक्रीतील उरलेल्या काडतुसांच्या पुंगळ्याही मागे ओढल्या जातात. गोळ्या मात्र जडत्वामुळे जागीच राहू पाहतात. पुंगळीची कड गोळीवर घट्ट दाबलेली नसेल, तर गोळी हळूहळू पुढे सरकते, चक्रीबाहेर डोकावते आणि चक्री अडकते. गोळी जितकी जड व शस्त्र जितके हलके, तितका हा धोका अधिक.

दुसरी गोष्ट दाबाची. जड गोळी लांब असते. ती पुंगळीत खोलवर बसल्यास दारूसाठी जागा कमी उरते. शिवाय ती सावकाश हलते, म्हणून वायू कोंडतो. हलक्या गोळीसाठी योग्य असलेली दारू जड गोळीमागे घालणे यासाठीच घातक ठरते.

तिसरी गोष्ट अशी की, बार फुसका झाल्यास गोळी नळीतच अडकू शकते. आवाज क्षीण आला, तर पुन्हा चाप ओढू नये. नळी सुरक्षित दिशेला धरून, काडतुसे काढून जाणकाराकडून तपासून घ्यावे. मागून दुसरी गोळी आली, तर नळी फुटते.

मात्र केवळ वजनावर विसंबणेही चूक आहे. अमेरिकेत अनेक वेब्लींच्या चक्रीचा मागील भाग तासून त्यांत ०.४५ ऑटो काडतूस बसेल अशी सोय केली गेली. त्यातील २३० ग्रेनची गोळी मूळ गोळीहून हलकी, पण काडतुसाचा दाब बराच अधिक. काडतूस बसले, तरी शस्त्राच्या पोलादाला तो दाब पेलेलच असे नाही.

मुलाला मी एवढेच सांगितले की, आत बसणे ही मापाची गोष्ट आहे आणि सुरक्षित असणे ही दाबाची. शस्त्रावर कोणते काडतूस कोरले आहे व चक्री तासलेली आहे का, हे जाणकाराने तपासल्याशिवाय काहीही उडवू नये. परवाना नसलेले वारसाचे शस्त्र तर घरी ठेवताच येत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार ते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते.

त्या कुटुंबाने तसे केले. मुलगा आता प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली एअर पिस्तुलाचा सराव करतो. गुरुजींना हे ऐकून समाधान वाटले असते.